बस्टर कीटन आवाजामुळे संपला नाही हो

काल फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत फिरून आला. मूकपटांचा राजा, अमेरिकेचा विनोदी नट बस्टर कीटन, बोलपट आले, याचा आवाज बेकार, काळाबरोबर बदलला नाही म्हणून संपला आणि शेवटी कंगाल होऊन मेला. खाली माझ्या भाच्याला टॅग, कारण तो एकांकिका करतो. रात्री पोरगं विचारतंय, मावशी, खरंच असं झालं का गं. डोकंच फिरलं माझं.

आवाज बेकार? अहो तो माणूस मुळात स्टेजवरचा. शाळेत जायच्या वयात अमेरिकेच्या व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी-नाच-विनोदांच्या स्टेज शोमध्ये, आईबापाबरोबर उभा राहिला, थ्री कीटन्स म्हणून. बाप त्याला उचलून स्टेजभर फेकायचा, पकडायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्याला पाठीवर सुटकेसचं हँडल शिवलेलं असायचं. १९१७ ला सिनेमात आला तोवर २१ वर्षांचा होता, तोपर्यंत सगळी कमाई स्टेजवर, बिनमाइकच्या थिएटरात, आणि म्हणे आवाज नाही! जाडा, खरखरीत आवाज होता, हिरो म्हणून केलेल्या पहिल्याच बोलपटात १९३० साली तो गायलाय, नाचलाय. ते बोलपट धंद्यातही पडले नव्हते.

आणि बदलला नाही हे तर सरळ उलटं आहे. १९२९ चा ‘स्पाइट मॅरेज’ बोलपट करूया म्हणून तोच मागे लागला होता, नको म्हणाला तो एमजीएम स्टुडिओ. खरी गोष्ट तिथेच आहे. १९२८ पर्यंत त्याचं स्वतःचं युनिट होतं, सेटवर सुचेल तसे गॅग, म्हणजे हसवायच्या करामती, रचायचे, पडायचं, परत घ्यायचं. मग एमजीएमशी करार केला, आणि तिथे सगळं आधी कागदावर हवं, स्टंट करायचे नाहीत. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड, मूकपटातले दुसरे दोन विनोदी स्टार, दोघांनी तिथे जाऊ नको सांगितलं होतं. आत्मचरित्रात तो स्वतःच त्या कराराला आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणतो, आवाजाला नाही.

हां, वाईट दिवस आले हे मान्य. दारू, घटस्फोट, १९३३ ला एमजीएमने काढून टाकलं. नंतर त्याच स्टुडिओत कमी पगारावर दुसऱ्यांसाठी गॅग लिहीत बसला, ते वाचताना मलाही त्रास होतो.

पण कंगाल नाही मेला. १९४७ ला पॅरिसच्या सर्कशीत काम केलं, मग टीव्ही, जाहिराती. पॅरामाउंट स्टुडिओने त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढायला ५०,००० डॉलर दिले, त्यातून घर घेतलं. १९६० ला मानद ऑस्कर. १९६५ ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या फेब्रुवारीत गेला, फुप्फुसाच्या कॅन्सरने, स्वतःच्या घरात, बायको जवळ असताना.

ज्यांनी माझ्या भाच्याला टॅग केलं त्यांनी आता हेही टाका ग्रुपवर, त्यालाच टॅग करून.