कुणी विशेष नसलेल्यांच्या देशातून

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे एका ठरलेल्या वादाला तोंड फुटतं. २०२५ मध्ये राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. एक बाजू म्हणाली, ही मार्कांची खिरापत आहे. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आणि चित्रकला-खेळाचे वाढीव गुण धरून कसले आलेत शंभर टक्के? दुसरी बाजू म्हणाली, मार्कांचं काय घेऊन बसलात, प्रत्येक मूल विशेषच असतं. असं म्हणणारे पालक संध्याकाळी त्याच मुलाला फाउंडेशन बॅचला सोडून येतात. (टोमणा नाही. तिथे असते तर मीही सोडून आले असते.)

हा वाद मी डेन्मार्कमध्ये, ऑर्हूसला बसून वाचते. इथे या विषयावर समाजाचं मत जवळजवळ लेखीच आहे. आक्सेल सान्देमोसे हा लेखक मोर्स नावाच्या डॅनिश बेटावर जन्मला, पुढे नॉर्वेत स्थायिक झाला. १९३३ साली एका कादंबरीत त्याने यांते नावाच्या काल्पनिक गावाचे दहा नियम लिहिले. पहिला नियम: तू कुणीतरी आहेस असं समजू नकोस. उरलेले नऊ म्हणजे त्याचीच उजळणी. आमच्यापेक्षा शहाणा समजू नकोस, आमच्यापेक्षा जास्त कळतं असं समजू नकोस, आम्हाला काही शिकवशील असं तर मुळीच समजू नकोस. सान्देमोसेने हे लहान गावातल्या गळचेपीची चीड येऊन लिहिलं होतं. पण वाचणाऱ्यांना त्यात आपला शेजार ओळखू आला आणि नियमांचं नाव रोजच्या बोलण्यात रुळलं. ऑफिसात कुणी स्वतःची टिमकी वाजवायला लागलं की आजही कुणीतरी हसत यांतेची आठवण करून देतं आणि तो माणूस गप्प होतो.

शाळेतही तेच वारं. सरकारी शाळेत आठवीच्या आधी मार्क देत नाहीत. मुलगी दुसरीत असताना पालकभेटीत मी आपला प्रश्न विचारलाच, वर्गाच्या मानाने ती कुठे आहे? बाईंना प्रश्न कळला, पण तो का विचारला ते कळेना. म्हणाल्या, “गणितात तिला अडचण नाही. पण गटात काम करताना ती दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडते. त्याच्यावर काम करू या.” वीस मिनिटांच्या भेटीतली निम्मी मिनिटं बोलणं तोडण्यावर गेली. मला थोडा रागच आला होता. अजूनही पूर्ण गेलाय असं नाही.

मार्क सुरू झाल्यावरची गोष्ट आणखी मजेची. १९६३ पासून इथे गुणांची जी पद्धत होती, तिच्यात सर्वांत वर १३ हा अंक होता. नुसत्या उत्तम कामाला तो मिळत नसे. कामात काहीतरी असाधारण, स्वतंत्र दिसलं तरच. २००७ च्या सुमारास नवी श्रेणी आली, उणे तीनपासून बारापर्यंत, आणि तेरा गेला. असाधारणासाठी वेगळा राखलेला अंकच राहिला नाही. मला आपल्या बोर्डाची गुणवत्ता यादी आठवली. तीही बंद झाली, पण तिची जागा क्लासवाल्यांच्या फ्लेक्सनी घेतली. इथे तेराची जागा कुणी घेतली नाही.

हे सगळं सांगितलं की पुण्यातल्या मैत्रिणी म्हणतात, किती परिपक्व समाज गं. मला परिपक्वतेचा प्रश्न वाटत नाही, परवडण्याचा वाटतो. इथल्या मुलाला विद्यापीठात फी नाही. घर सोडून शिकायला गेलं तर सरकार महिन्याला साधारण ७,००० क्रोनर देतं, करपात्र, पण परत न करायचे. इलेक्ट्रिशियन व्हायचं ठरवलं तर शिकतानाच कंपनीकडून पगार सुरू होतो आणि पुढे त्या पगारात घर, गाडी, सुट्टी सगळं होतं. सामान्य राहण्याची शिक्षा नाही, म्हणून ‘तू कुणी नाहीस’ हे ऐकून घेता येतं. आपल्याकडे २०२४ च्या नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली, देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास, आणि पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०. या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला नम्रता शिकवायची म्हणजे रांगेतून बाहेर काढायचं. विशेष असणं ही तिथे हौस नाही, पोटाची सोय आहे.

आणि जिथे जागा मोजक्या, तिथे यांतेच्या देशातही नियम गुंडाळून ठेवतात. कोपनहेगनला मानसशास्त्राला किंवा वैद्यकीयला जायचं तर सरासरी बारापैकी अकराच्या आसपास लागते. त्या वाटेवरची मुलं, त्यातही मुली, प्रत्येक विषयात बारा पाडण्यासाठी जीव काढतात आणि त्यांच्या ताणावर इथल्या पेपरांत लेख येतात. ते लेख मराठीत छापले तर कुणाला परदेशातले वाटणार नाहीत.

राहता राहिला खरा प्रश्न: प्रत्येक माणूस विशेष असतो का? प्रत्येक जण वेगळा असतो, यात तर काही वादच नाही. त्याची नोंद ठेवणारी जगातली सर्वांत जुनी राष्ट्रीय वही याच देशात आहे, १९५४ पासून चालू असलेली जुळ्यांची नोंदवही. तिच्या आधारे १९९० च्या दशकात आयुष्याच्या लांबीचा अभ्यास झाला, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा जेमतेम पाव भरला. एकाच पेशीतून निघालेली दोन माणसंही एकमेकांची नक्कल नसतात. असं वेगळेपण आयतं मिळतं, त्यासाठी कुणाला क्लास लावावा लागत नाही. आपण ज्याला विशेष म्हणतो ते मात्र कुणाच्या तरी वर असणं आहे, आणि सगळेच सगळ्यांच्या वर कसे असणार? ‘प्रत्येक मूल विशेष’ हे वाक्य म्हणूनच कानाला गोड लागतं आणि निकालाच्या दिवशी कामाला येत नाही.

मग वेगळेपणाचं करायचं काय? याचं उत्तर मला सर्वांत अनपेक्षित ठिकाणी सापडलं, शेजारच्या गृहस्थांच्या साठीच्या जेवणात. इथे साठी-पन्नाशी असली की घरचे आणि मित्र त्या माणसावर गाणं रचतात. चाल सगळ्यांना येणारी, शब्द नवे. हे गृहस्थ हौसेने सुतारकाम करतात, म्हणून प्रत्येकाच्या ताटापाशी गाण्याचा कागद गुंडाळून लाकडी चिमट्यात अडकवून ठेवला होता. कडवी संपता संपेनात. उसना नेलेला ड्रिल पुसून-तेल घालून परत करतो, पण कबूल केलेल्या दिवशी कधीच नाही. गाडीचं कुलूप बघायला अर्ध्या वाटेतून परत येतो. नव्या बटाट्याची सालं काढायची की नाही यावरून सासूशी जे वाजलं ते तीन नाताळ पुरलं. पन्नासेक माणसं हे सगळं तोंडावर, एका सुरात म्हणत होती आणि तो लाल होऊन हसत बसला होता. आणि हे लोक म्हणे कुणाला विशेष मानत नाहीत!

याच्या शेजारी आपला वाढदिवसाचा फ्लेक्स ठेवून बघा. दिलदार, मनमिळाऊ, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व, तरुणांचे आशास्थान. फोटो बदलतो, विशेषणं तीच. साठीशांतीतली भाषणंही याच मापाची. खरं तर नेमकेपणा आपल्याला येतो. आमच्या गावात पाच पांडुरंग होते: पाणबुडी मोटारी खोलणारा तो पंप पांडू, रस्त्यात भेटेल त्याला वेळ विचारणारा तो घड्याळ पांडू. ही नावं काही आदराची नव्हेत, पण दुसऱ्या कुणाला चिकटणार नाहीत. चौकातल्या दहा फूट फ्लेक्सवर मात्र घड्याळ पांडू ओळखू येत नाही.

इथवर वाचून मी डेन्मार्कच्या प्रेमात आहे असं वाटेल. तर ऐका. या देशाच्या सांख्यिकी खात्याच्या तक्त्यांत परदेशी मुळाच्या माणसांचे दोन रकाने आहेत, पाश्चात्त्य आणि अपाश्चात्त्य. भारत दुसऱ्या रकान्यात, जपानसुद्धा. इथल्या दवाखान्यात जन्मलेली माझी मुलगीही माझ्यामागोमाग त्याच रकान्यात, वंशज म्हणून. २०१८ च्या कायद्यांनी तर ठरवलं की ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक या रकान्यातले असतील आणि शिक्षण, उत्पन्न, गुन्हे असले इतर निकषही लागू होतील, तिथली सार्वजनिक घरं कमी करायची. आमच्या शहरातल्या गेलेरूप भागात त्यासाठी इमारती पाडल्या गेल्या. कुणी विशेष नाही म्हणता म्हणता हा देश माणसाला गठ्ठ्यात मोजायला लागला, तेव्हा त्या साठीच्या गाण्यातलं एकही कडवं त्याच्या उपयोगी पडलं नाही.

आणि गठ्ठ्याने मोजणं आपल्याला कुणी शिकवायला नको. ‘आडनाव काय?’ या प्रश्नात कुठला रकाना दडलेला असतो ते महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी, मसुद्याने खेडं बाजूला सारून व्यक्ती हे एकक धरलं याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. त्यात त्या व्यक्तीने काही करून दाखवण्याची अट नव्हती. मेरिटची नव्हती, आडनावाचीही नव्हती. मला ‘प्रत्येक जण विशेष’पेक्षा हे फार मोठं वाटतं आणि दोन्ही देशांत अजून अर्धवट राहिलेलं वाटतं. डेन्मार्कने सामान्य माणसाच्या पगाराची सोय केली, पण माझ्या मुलीला एकटं मोजायला तो तयार नाही. आपण कागदावर प्रत्येकाला एक धरलं, पण साठ टक्केवाल्याला घरातसुद्धा पूर्ण एक धरत नाही.

माझ्या भाच्याला दहावीला ६१ टक्के पडले. मिक्सर, पंखा, इन्व्हर्टर, घरातलं काहीही उघडून दुरुस्त करणारा मुलगा आहे. त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा फॉर्म भरलाय. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी त्याचं अभिनंदन केलं, मिक्सरचा किस्साही लिहिला. पाच मिनिटांत दादाचा फोन: “मेसेज डिलीट कर आधी. लोकांना टक्के कशाला कळायला हवेत?” मी म्हटलं, टक्के मी लिहिलेच नाहीत. “आयटीआय लिहिलंस ना,” तो म्हणाला.