अडीच युरोंची बस की शंभर युरोंची व्हॅन? ‘सडाफटिंग’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सडाफटिंग,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. त्यामुळे ‘वाचल्याबद्दल धन्यवाद’ एवढं लिहून सटकणं बरं दिसणार नाही. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस शहरातून एझ, ला तुर्बी, मोनॅको अशी आठ जणांच्या व्हॅनमधली एक दिवसाची सहल करावी, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, जिथे अडीच युरोत बस जाते तिथे माणशी शंभरेक युरो घालवायला सांगणं म्हणजे वाचकांच्या खिशाला कात्री. एका दिवसात इतकी ठिकाणं म्हणजे नुसतं तोंड दाखवून येणं. गाइड म्हणवणारा माणूस गावात पाऊलही टाकत नाही, अत्तराच्या दुकानात मात्र न चुकता नेतो. आणि मुळात कोट्यधीशांच्या बोटी बघायला आपण कशाला जायचं, त्यापेक्षा मार्सेला जाऊन सावरकरांनी उडी घेतली ते बंदर बघावं.

मार्सेचं आधी उरकते. जरूर जा. ८ जुलै १९१० ची ती उडी ज्याला माहीत आहे त्याला ते बंदर बघावंसं वाटणारच. नीसहून ट्रेनने अडीच-पावणेतीन तास लागतात. पण त्याला एक अख्खा दिवस हवा, आणि तो दिवस काढला म्हणून एझ बघायचं नाही असं थोडंच आहे?

आता बस. बसने जाता येत नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ६०७ नंबरची बस नीसहून समुद्राकाठच्या रस्त्याने मोनॅको करत पार मेंतोंपर्यंत जाते. ट्रेनही आहे, पंचवीस मिनिटांच्या आत मोनॅकोला सोडते. खिशाचा प्रश्न असेल, पाय धड असतील आणि हाताशी दिवस मोकळे असतील तर माझंही मत बसलाच. पण एकदा नकाशा समोर घ्या. त्यात नुसती अंतरं बघू नका, उंची बघा. नीसच्या पूर्वेला आल्प्सचा शेवट थेट समुद्रात होतो. किनाऱ्याला सपाट जमीन अशी नाहीच. म्हणून तिथे एकावर एक तीन रस्ते काढलेत, तिघांनाही कॉर्निश म्हणतात. खालचा पाण्यालगत, मधला डोंगराच्या कमरेतून, आणि सगळ्यात वरचा नेपोलियनच्या काळातला, जुन्या रोमन वाटेच्या आसपासचा. तुमची ६०७ खालच्या रस्त्याने जाते. ट्रेनही तळातूनच जाते आणि मधूनमधून बोगद्यात शिरते. व्हिलफ्रांशचा उपसागर दिसला म्हणून मोबाइल बाहेर काढावा, तर काचेत आपलाच चेहरा. मोनॅकोचं स्टेशन तर १९९९ पासून डोंगराच्या पोटातच आहे.

एझ गाव आहे मधल्या रस्त्यावर, समुद्रापासून चारशेहून जास्त मीटर उंचावर. ‘एझ’ नावाचं स्टेशन मात्र खाली पाण्याजवळ. नाव वाचून तिथे उतरणाऱ्यांची फजिती अगदी बघण्यासारखी असते. वर जायला पायवाट आहे, तिला नीत्शेचं नाव दिलंय, कारण नीसमध्ये हिवाळे काढताना तो तत्त्वज्ञ ती चढायचा. तास-सव्वा तासाची खडी चढण, दगड सुटे, सावली बेताची. तुमच्या टोपणनावावरून वाटतं की तुम्ही ती हसत चढाल. माझ्याबरोबर आई होती आणि तिचे गुडघे माझ्या योजनांना विचारत नाहीत. नीसहून ८२ नंबरची बस थेट वरच्या एझला जाते, हेही खरं आणि ती चांगलीही आहे. पण फेऱ्या मोजक्या, उन्हाळ्यात उभ्याने प्रवास, आणि एझहून पुढे ला तुर्बी आणि तिथून खाली मोनॅको असं गाठायचं झालं की दिवसाचा चांगला लचका थांब्यांवर जातो.

शिवाय बस वळणावर थांबत नाही. एझच्या अलीकडे मधल्या रस्त्यावर अशी एक जागा आहे की दरीवरचा दगडी कमानींचा पूल, सुळक्याला चिकटलेलं गाव आणि खाली काप फेराचं झाडीने भरलेलं भूशिर हे सगळं एका नजरेत येतं. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, बाकीचे सगळे उतरले. आई खाली न उतरता दाराच्या पायरीवर बसून बघत राहिली, आणि पुढे निघायची घाई कुणी केली नाही. पन्नास जणांच्या बसला तिथे थांबायला जागाच नाही. माझे पैसे वसूल झाले ते इथे. गाइडची बडबड, दिलेली पाण्याची बाटली, वायफाय यांचे मी दोन युरोही दिले नसते.

ला तुर्बीचंही तेच. वरच्या रस्त्यावरचं हे गाव तुम्ही प्रतिक्रियेत ‘भरतीचं ठिकाण’ म्हणून उडवून लावलंत, तिथे मात्र मी अडून बसणार आहे. आल्प्समधल्या टोळ्या जिंकल्याची खूण म्हणून ऑगस्टस सम्राटासाठी इ.स.पू. ६ च्या सुमारास उभारलेलं विजयस्मारक तिथे आहे. हरवलेल्या ४५ टोळ्यांची नावं त्यावर कोरलेली होती. नंतर लोकांनी त्याचे दगड काढून घरं बांधली, मग त्याची गढी झाली, सुरुंग लागले, आणि १९३० च्या दशकात एका अमेरिकन धनिकाच्या पैशांतून जेवढं उभं करता आलं तेवढं केलं. रायगडावर नुसती जोती बघून हळहळणाऱ्या आपल्यासारख्यांना ते पांढरे खांब आवडायला हवेत. आणि त्या कठड्यावरून खाली अख्खं मोनॅको दिसतं. सगळा देश दोन चौरस किलोमीटरचा, त्यामुळे ‘अख्खं’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा.

आता पश्चिमेकडे वळू. लेखातला तो परिच्छेद तुमच्या नजरेतून निसटलाय बहुतेक. आंतीब आणि कान या दोन गावांसाठी व्हॅन घेऊ नका, असं मी तिथे स्वच्छ लिहिलंय. नीसच्या पश्चिमेला किनारा सपाट आहे, ट्रेन समुद्राला लागून धावते आणि स्टेशनं गावातच आहेत. कानला स्टेशनातून निघून चालत क्रोआझेतवर, म्हणजे तिथल्या समुद्राकाठच्या प्रसिद्ध रस्त्यावर, पोचायला काही वेळ लागत नाही. आंतीबला जुन्या तटबंदीवरच्या गढीत पिकासोचं संग्रहालय आहे, १९४६ मध्ये त्याने तिथे मुक्काम करून चित्रं काढली होती. तिथे दोन तास कमीच पडतात. या दोन गावांना व्हॅनने नेणाऱ्या सहली दिवसाचा बराच भाग वाहतुकीत घालवतात. ‘सात गावं एका दिवसात’ छापाच्या सहलींबद्दल तुम्ही जे बोललात ते त्यांना शंभर टक्के लागू आहे. ज्या जाहिरातीत एझ, मोनॅको, कान, आंतीब आणि शिवाय सें-पॉल हे डोंगरावरचं गावही एकाच दिवसात असेल, ती बंद करा आणि पुढे व्हा.

गाइड गावात का आला नाही, याचं कारण आळस नाही. फ्रान्समध्ये संग्रहालयांत आणि ऐतिहासिक वास्तूंत सहलीच्या लोकांना माहिती सांगायची तर त्यासाठी वेगळं सरकारी ओळखपत्र लागतं. व्हॅन चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ते नसतं, म्हणून ते गाडीत बोलतात आणि गावाच्या वेशीवर ‘इतक्या वाजता इथेच या’ म्हणून सोडून देतात. आठचा आकडाही असाच. ‘छोटा, आत्मीय समूह’ वगैरे जाहिरातीतली भाषा सोडा. तिथल्या साध्या मोटारीच्या परवान्यावर ड्रायव्हर धरून नऊ आसनांपर्यंतची गाडी चालवता येते, त्यापुढे वेगळा परवाना. नऊ वजा एक, आठ. त्याचा आपल्याला फायदा होतो तो असा की आठ जण गोळा व्हायला पाच मिनिटं लागतात.

अत्तराचा कारखाना म्हणजे शेवटी दुकानच, वाद नाही. फुकट दाखवतात, आतली फेरी वीसेक मिनिटांत संपते आणि दार दुकानात उघडतं. अशा ठिकाणी ड्रायव्हरला काही मिळत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण तिथे स्वच्छ, बिनपैशाचं स्वच्छतागृह आहे. ज्यांनी युरोपात ज्येष्ठांना घेऊन प्रवास केलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

राहिल्या कोट्यधीशांच्या बोटी. तिथली श्रीमंती मला काही सुखावत नाही, पण ती आली कुठून हे बघण्यासारखं आहे. १८४८ मध्ये मेंतों आणि रोकब्र्यून ही दोन गावं मोनॅकोच्या हातून गेली. त्यांच्याबरोबर जवळजवळ सगळी जमीन गेली, लिंबं आणि ऑलिव्हवरचं उत्पन्नही गेलं. १८६१ मध्ये चाळीस लाख फ्रँक घेऊन राजाने त्यांच्यावरचा हक्क फ्रान्सला सोडून दिला. हाती उरला एक खडक आणि रिकामी तिजोरी. मग १८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लाँ नावाच्या माणसाच्या हाती कॅसिनो दिला, १८६८ मध्ये रेल्वे आली आणि पाठोपाठ पैसेवाल्यांची रीघ लागली. इतकी, की पुढच्याच वर्षी रहिवाशांवरचे प्रत्यक्ष कर रद्द केले. आणि यातली गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना त्याच कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. हे माहीत असलं की त्या दारासमोरच्या चकचकीत गाड्यांकडे बघताना तोंडाला पाणीही सुटत नाही आणि नाकही मुरडावंसं वाटत नाही.

मोनॅकोतल्या फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यतीचा रस्ता तर वर्षभर साधा सार्वजनिक रस्ताच असतो. सुरुवातीला गाड्या जिथे उभ्या करतात त्या पांढऱ्या चौकटी डांबरावर तशाच असतात आणि त्यांच्यावरून शहराची बस जाते. हॉटेलजवळचं ते प्रसिद्ध अरुंद वळण आमच्या ड्रायव्हरने रिक्षाच्या वेगाने घेतलं. मागच्या बाकावरच्या मुलाने मात्र तोंडाने इंजिनाचा आवाज काढून ती कसर भरून काढली.

‘आपला काय संबंध’ या तुमच्या प्रश्नावर एक भर. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, त्या तिसऱ्या आगाखानांचं घर कानच्या शेजारी ल कानेमध्ये होतं. तेव्हा आपल्याकडचा पैसा तिकडे फार पूर्वीच जाऊन आलाय!

जेवणाचं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर सोपं आहे. सहलीत जेवण धरलेलं नसतं आणि तेच बरं. शाकाहारी असाल तर नीसच्या जुन्या गावात सोका खा. छोल्यांच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलातलं, भट्टीत भाजलेलं धिरडंच ते. कडा करपलेल्या हव्यात आणि वर मिरपूड. मोनॅकोत ला काँदामीनच्या मंडईत बार्बाज्वाँ मिळतात, पालेभाजी आणि चीज भरून तळलेले. पण पिसालादिएर दिसली की थांबा. वरवर नुसता कांदा दिसतो, पण त्यात मासळी असते.

तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत निघताय म्हणून शेवटचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तो काळ तिथल्या पावसाचाही असतो. दुपारी निघणारी अर्ध्या दिवसाची सहल घेतलीत तर मोनॅको अंधारातच बघाल. सकाळची घ्या, एझ आधी होईल अशी, म्हणजे मोठ्या बसेस यायच्या आत गल्ल्या मोकळ्या मिळतील. मोनॅकोच्या राजवाड्यासमोर ११ वाजून ५५ मिनिटांनी पहारा बदलतो, ते बघायचं असेल तर ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा. आणि बस घ्या नाहीतर व्हॅन, जाताना उजवीकडची खिडकी पकडा. परतताना ती खुशाल दुसऱ्याला द्या, समुद्र डावीकडे गेलेला असतो.