बडोद्यातील स्मृती तपासणी केंद्राकडून उत्तर

नमस्कार ताई,

एकच स्टार देऊन आपण लिहिलंत की दहा मिनिटांच्या तपासणीला तासभर बसवलं, बाबांना 'आज वार कोणता' असले बालवाडीतले प्रश्न विचारले आणि आपल्याला खोलीबाहेर काढलं. आपल्याला आणि काकांना मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.

पण 'बाहेर काढलं' हे फार लागलं, कारण त्याआधी काय झालं ते आपण लिहिलेलं नाही. घड्याळाचं चित्र काढून त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवायची असतात. पेन्सिल काकांच्या हातात होती आणि मागून आपण "बाबा, दोनवर, दोनवर" म्हणालात. मोठा काटा दोनवर न्यायचं आपलं आपल्याला सुचतं, की 'दहा' ऐकून हात १० च्या आकड्याकडे जातो, हेच तर तिथे बघायचं असतं! मी हात जोडून विनंती केली. पुढे पाच शब्द आठवून सांगायची वेळ आली, तर पहिलं अक्षर आपणच पुरवलंत. मग बाहेर बसायला सांगितलं, तेही खुर्ची देऊन, चहा विचारून. मुलीचा जीव तुटतो, हे मला कळतं. पण आपली उत्तरं काकांच्या नावावर गेली असती, तर कागदावर सगळं छान दिसलं असतं आणि पुढे डॉक्टरांची दिशाभूल झाली असती.

वार-तारीख आम्ही महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या निवृत्त प्राध्यापकांनाही विचारतो. त्यात कुणाचा अपमान नाही.

दहा मिनिटं लागतात ती फक्त स्मरण आणि विचारशक्ती तपासणाऱ्या ३० गुणांच्या 'मोका' चाचणीला. त्याआधी नीट ऐकू येतं का, चष्मा जवळ आहे का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, मन उदास असतं का, हे पाहावंच लागतं. ऐकू न आल्याने चुकलेलं उत्तर विसरण्यात मोजायचं का? शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात, म्हणून शाळेचं विचारलं. काका मनातल्या मनात हिशेब मराठीत करतात की गुजरातीत, हेही विचारलं. त्याला आपण 'टाइमपास गप्पा' म्हटलंत.

काकांचे गुण मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, कमी गुण म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), असं आमच्याकडे कुणीही म्हटलेलं नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही गुण घसरतात, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. म्हणून रक्त तपासून घ्या म्हटलं. त्यात आमचं कमिशन नसतं.

आमचं केंद्र छोटं आहे. दांडिया बाजारातली माणसं एकमेकांचं ऐकूनच येतात, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. नातेवाइकांना आधीच नीट कल्पना देण्याची व्यवस्था करतो आहोत, पाटीही लावू.

रिपोर्ट आले की काकांना घेऊन या, फी घेणार नाही. पुन्हा चाचणी घ्यायची ठरली, तर शब्दांचा दुसरा संच वापरू. आपण रागावून निघालात, त्यामुळे आपल्याशी बोलायचं राहूनच गेलं. गोळ्या ते स्वतः आठवणीने घेतात का, बँकेचं काम जमतं का, मंगळ बाजारातून घरी येताना वाट चुकते का, हे घरच्यांनाच माहीत असतं. ते कळल्याशिवाय मी अहवालावर सही करणार नाही.