बसायला कुठे आहे?

काकू कुठल्याही नव्या जागी गेली की तिचे दोन प्रश्न ठरलेले. बसायला कुठे आहे? आणि जायला कुठे आहे? दुसऱ्यातलं 'जायला' म्हणजे कुठे, ते आमच्या घरातल्या पोरासोरांनाही कळतं. २०२४च्या जूनमध्ये काका-काकू रेवदंड्याहून लिस्बनला माझ्याकडे तीन आठवडे आले, तेव्हा मला या शहरात येऊन नऊ वर्षं झाली होती. १७५५च्या भूकंपात शहराचा कुठला भाग गेला नि कुठला राहिला, ते मी पाहुण्यांना झोपेतही सांगू शकत होतो. काकूच्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र मला येईनात. ते प्रश्न मला इथे कधी पडलेच नव्हते.

नेमका त्याच महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला होता. काका-काकूंच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आहेत. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळाने निम्मी वाडी आडवी केली. सुपारी नव्याने लावली तरी धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर खायचं काय, म्हणून खोल्या. त्याचं म्हणणं, समुद्रावर 'आय लव्ह' वाली मोठी अक्षरं हवीत, रात्री दिवे हवेत, गाड्या लावायला ऐसपैस जागा हवी. चौलला दिलेल्या आमच्या ताईला पर्यटन हा शब्दच नको. शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागली की तिला दारातून स्कूटर बाहेर काढता येत नाही. दोघं भांडून दमले की मला ओढतात, "तू सांग, तुमच्याकडे कसं असतं?" परदेशातला नातेवाईक म्हणजे घरच्या भांडणातला फुकटचा पंच. ही पंचगिरी मी आजवर हौसेने केली. स्वच्छ फूटपाथचा फोटो टाकायचा, खाली 'हे बघा' लिहायचं, झोपायला जायचं.

काका एसटीतून निवृत्त झालेले, अलिबाग डेपोचे कंडक्टर. २८ नंबरच्या पिवळ्या ट्राममध्ये बसायचंच, हा त्यांचा हट्ट. मार्तीं मोनीझच्या थांब्यावर पाऊण तास उन्हात उभे होतो. रांगेत बहुतेक सगळे पर्यटक. काकूने पहिला प्रश्न विचारला, मी इकडेतिकडे पाहिलं, शेवटी ती एका दुकानाच्या पायरीवर टेकली. ट्राम आली. काकांनी सीट मोजल्या, वीस. "आणि आत कोंबले किती बघ! आमची गणपतीतली गाडी परवडली." पुढे एका थांब्यावर दोन आजी उभ्या होत्या, एकीच्या हातात काठी, दुसरीच्या हातात भाजीची पिशवी. दार उघडलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दार मिटलं. काकांचा हात सवयीने वर गेला, बेलची दोरी शोधत. "म्हातारी माणसं खाली ठेवून डबल बेल दिली असती तर तक्रारबुकात नाव गेलं असतं माझं," ते म्हणाले, आणि त्या ट्रामवरून त्यांचं मन उडालं ते उडालंच.

खरं तर ती ट्राम त्या आजींचीच. टेकड्यांवरच्या वस्त्यांच्या गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणं इतकी तीव्र की तिथे मोठी गाडी शिरत नाही, म्हणून जुने छोटे डबे अजून चालू ठेवले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या एका लिस्बनकर बाईला विचारलं, तू तुझ्या आईला घेऊन टेकडीवरच्या किल्ल्याकडे कशी जातेस? ती म्हणाली, सुपरमार्केटमधून. मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच तसं आहे. खालच्या बायशा भागात, रुआ दुश फांकेइरुश नावाच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत नगरपालिकेची लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या गल्लीत सोडते. तिथून थोड्या अंतरावर सुपरमार्केट, आणि त्याच इमारतीत दुसरी लिफ्ट, ती किल्ल्याच्या वाटेला नेऊन सोडते. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचंही तेच. गाडी पकडायची नसली तरी लोक टेकडी चढायला त्याचे सरकते जिने वापरतात. त्या लिफ्टमध्ये आमच्याबरोबर बटाट्याची पिशवी घेतलेले एक आजोबा होते. बटाट्याला इथेही बटाटाच म्हणतात आणि अननसाला अननस, हे कळल्यापासून काकू भाजीवाल्याशी सरळ मराठीत बोलायला लागली होती. हिशेबात एकदाही चुकली नाही.

वर 'मिरादोरु' असतात, म्हणजे शहर बघायचे सज्जे. तिथे बाक, थोडी सावली, एक टपरी. काही बाकांवर गावातलेच म्हातारे पत्ते कुटत बसलेले. काकू त्यांच्या शेजारी बसली, पायातल्या चपला काढल्या आणि अर्धा तास नदीकडे बघत राहिली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टपरीत किंवा कॅफेत. एक 'बिका' सांगायची, म्हणजे घोटभर कडक कॉफी, आणि मग आतलं दार विचारायचं. तिसऱ्या दिवशी काका वैतागले. "लघवीसाठी कॉफी प्यायची, आणि कॉफीने परत लघवी. हा धंदा कुणी काढला?"

नदीकाठच्या बेलें भागात मात्र १५ नंबरच्या लांब, ठेंगण्या पायरीच्या ट्रामने आरामात गेलो. तिथला जेरोनिमुशचा मठ १५०१ च्या सुमारास बांधायला घेतला, आणि त्याला पैसा लागला तो मसाल्यांच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. हे सांगितल्यावर काका खांबांकडे मालकाच्या नजरेने बघायला लागले. "म्हणजे आपल्याच मिरीचं बांधकाम." आत शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर. तिथे काकांनी मला उलट धडा दिला. १५०८ साली चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला, हे शाळेत कुणी शिकवलं नाही का तुला? काकू छताकडे बघत होती. आमचं घर रेवदंड्याच्या कोटात. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला हा कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आत आजही नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरं आहेत आणि पडक्या चर्चच्या भिंती आहेत. अशा एका भिंतीशी चांगलं ऊन येतं, तिथे काकू वाल वाळत घालते. ती म्हणाली, "आपल्या चर्चला छप्पर नाही, याला आहे. एवढाच फरक."

बेलेंच्या बुरुजात दोघंही शिरले नाहीत. आतला गोल जिना अरुंद, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेने. बाहेरूनच भिंतीवरचा झिजलेला दगडी गेंडा दाखवला. गुजरातच्या सुलतानाने दिलेला खराखुरा गेंडा १५१५ मध्ये जहाजातून इथे उतरला होता. "तो बरा आला, व्हिसाशिवाय," काका म्हणाले. मग बुरुजाकडे पाठ करून नदीकाठी बसलो. तेव्हा काकूने जंजिऱ्याची आठवण काढली. राजपुरीहून शिडाच्या होडीने गेलो होतो. दरवाजापाशी होडी वरखाली होत होती, वरचा माणूस हाताला धरून ओढत होता, खालचा मागून ढकलत होता, तसं उतरायचं होतं. काकू उतरलीच नाही. त्याच होडीने परत गेली आणि आम्ही येईपर्यंत धक्क्यावर थांबली. बसली नाही, थांबली. बसायला काही नव्हतं.

लिस्बनच्या आरत्या ओवाळतोय असं वाटायला नको म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

मी राहतो अल्फामात, भूकंपातून वाचलेल्या जुन्या वस्तीत. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. चाळीस वर्षं त्याच घरात. मालकाने करार पुढे वाढवला नाही, आजी नदीपल्याड मुलाकडे गेल्या, आणि त्यांच्या दाराशी आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी लटकली. पाहुणे फोनवर आकडा बघतात, पेटीतून चावी काढतात, चार रात्री राहतात, जातात. अशा पेट्या आमच्या गल्लीत मी एकदा मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या.

१२ जूनच्या रात्री संत आंतोनियोचा उत्सव असतो. गल्लोगल्ली शेगड्या पेटतात, तारल्या भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात. आपल्याकडे तेव्हा मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणून काकूला आधी त्या ताज्या तारल्यांचंच अप्रूप. "आम्ही रोज भाजतो, पण बाजा नाही वाजवत," असं म्हणून तिने पाच खाल्ल्या. त्या रात्री आजी आल्या, खास उत्सवासाठी, फेरीबोटीने. आपल्या जुन्या दाराच्या पायरीवर बसल्या. काकू त्यांच्या शेजारी बसली. एकीला मराठी, एकीला पोर्तुगीज. आजींनी पेटीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "शाव." काकूने ऐकलं, बोटाकडे पाहिलं, आणि विचारलं, "चावी?" आजींनी मान हलवली. शब्द एकच आहे, चारेकशे वर्षांपूर्वी आपल्याकडे येऊन राहिलेला. दोघी बराच वेळ त्या पेटीकडे बघत होत्या. मग काकूने आपल्या पानातली तारली त्यांच्या पावावर ठेवली.

इथलेही लोक यावरून भांडतात. त्याच वर्षी सप्टेंबरात शहराने पर्यटकांवरचा रात्रीचा कर दोन युरोवरून चार केला. टुकटुकवाल्यांचा त्रास वेगळाच. हो, आपल्यासारख्याच तीनचाकी रिक्षा, फक्त भाडं ऐकून काका खाली बसले. आणि सगळं नीट चालतं असंही कुणी समजू नये. काका-काकूंना मी ज्या ग्लोरिया फ्युनिक्युलरमधून, म्हणजे केबलने टेकडीवर ओढल्या जाणाऱ्या डब्यातून, वर नेलं होतं, ती २०२५च्या सप्टेंबरात केबल सुटून घसरली आणि १६ माणसं गेली. बातमी ऐकून काकांचा फोन आला. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

एक गोष्ट अजून कबूल करायची राहिली. दोन वर्षांपूर्वी मीही नागावला जागा बघत होतो. समुद्र जवळ, विहीर, तीस-चाळीस माड. दलाल फोनवर म्हणाला, "आत एक म्हातारी राहते, तिचं बघून घेऊ." मी तेव्हा 'बघून घेऊ'वर काही बोललो नव्हतो. व्यवहार पैशांवरून फिसकटला, माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. आजींच्या दारावरच्या पेटीवरून मालकाला नावं ठेवताना ते वाक्य मला आठवतं.

तेव्हा चुलतभावाला मी आता काय सांगतो? अक्षरं नको लावूस. ती लिफ्ट, ते बाक, ती टपरी, यातलं काहीही माझ्या काकूसाठी केलेलं नव्हतं. भाजी घेऊन टेकडी चढणाऱ्यांसाठी केलं, आणि काकूला त्यात आयती जागा मिळाली. पर्यटकांसाठी म्हणून जे जे सजलं, त्यातून आधी गावचे म्हातारे बाहेर पडले. एसटी स्टँडवर पाठ टेकता येईल असा बाक, किनाऱ्यावर पाणी असलेलं आणि उघडं असलेलं शौचालय, कोटाच्या दरवाजापाशी धरायला कठडा, एवढं माग. तुझ्या आईला रोज लागेल, पाहुण्याला शनिवारी. आणि ताईला सांगतो की नकोच म्हणून चालायचं नाही; वादळात गेलेली सुपारी तुझ्या रागाने उगवणार नाही. एका बाबतीत आपण मागे नाही, हेही ग्रुपवर टाकलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे. त्यावर काकांनी लगेच लिहिलं, "तिकीट फुकट, पण पायरी गुडघ्याएवढी. चढवणार कोण?"

चुलतभावाचं उत्तर अपेक्षित होतं. "तू तिकडून सांग. बाकाचा फोटो कोण काढतं?" रास्त आहे. खोल्या रिकाम्या राहिल्या तर हप्ता मला भरायचा नाहीये.

काकू या वादात पडली नाही. घरी गेल्यावर तिने माळ्यावरच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या धुतल्या आणि कोटातला सातखणी मनोरा बघायला येणारे ज्या वाटेने जातात, तिथे आमच्या कुंपणाबाहेर माडाखाली ठेवल्या. बायकांना दुसरा प्रश्न असेल तर वाडीतलं दार दाखवते. गेल्या आठवड्यात काकांनी फोनवर सांगितलं, एक खुर्ची शनिवारी कुणीतरी नेली. दुसरी काकूने माडाला साखळीने बांधली आहे, चावी कमरेला.