"उत्तरेत गुलाम नव्हतेच" म्हणणाऱ्यांनी मेडफर्डचं हे घर बघा

"अमेरिकेतली गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतले कापसाचे मळे, उत्तरेत तसलं काही नव्हतं, फार तर एखाददुसरा घरगडी, तोही घरच्यासारखा" हे इतक्या वेळा फॉरवर्ड झालंय की बोस्टनला राहणारे आपले लोकही पाहुण्यांना तेच ऐकवतात. अहो, बोस्टनच्या शेजारीच मेडफर्डला रॉयल हाऊस आहे (राजाबिजाचं नाही, रॉयल हे मालकाचं आडनाव), जॉर्जियन (अठराव्या शतकातल्या इंग्रजी) थाटाचं तीन मजली घर, 1908 पासून संस्थेने जपलेलं, तिथे तरी घेऊन जा की पाहुण्यांना!

"नव्हतीच" म्हणता? मॅसॅच्युसेट्सने 1641 सालीच गुलामगिरीला कायद्यात जागा करून दिली होती. विषय संपला.

"एखाददुसरा गडी" हे तर भारीच. आयझॅक रॉयल 1737 मध्ये अँटिग्वाहून इथे राहायला आला तो 27 गुलाम घेऊन, पैसा कमावलेला साखर, रम आणि माणसांच्या व्यापारात, आणि पुढे बाप-लेकाच्या काळात इथे साठाच्या वर माणसं गुलाम म्हणून राबली. त्यांना राहायला बांधलेली वेगळी इमारत मोठ्या घराच्या शेजारीच अजून उभी आहे, उत्तरेतल्या राज्यांत अशी एवढी एकच उरलीय.

आता "घरच्यासारखा". बेलिंडा नावाची बाई, लहान असताना आफ्रिकेतून पळवून आणलेली, पन्नास वर्षं रॉयलांकडे राबली. धाकटा रॉयल (आयझॅकचा मुलगा) इंग्रजांच्या बाजूचा, 1775 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटायच्या दोनचार दिवस आधी इथून सटकला आणि 1781 मध्ये इंग्लंडात मेला. 1783 मध्ये म्हाताऱ्या बेलिंडाने आजारी मुलीसाठी आणि स्वतःसाठी सरकारकडे अर्ज केला, म्हणणं सरळ होतं, या संपत्तीतला काही भाग माझ्या कष्टाचा आहे आणि मला त्यातला घासभरही मिळत नाही. सही येत नव्हती, खूण केली. रॉयलच्या मालमत्तेतून वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग मंजूर झाले, पण थोडे दिवस मिळाले आणि मग बंद, बिचारीला 1793 पर्यंत पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. घरच्यांना असं वागवतात का?

"क्रांती झाली आणि सगळे मोकळे" असंही कुणीतरी खाली जोडलेलं असतं. स्वातंत्र्याची घोषणा 1776 ची. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी मोडली ती 1783 च्या आसपास, तीही क्वॉक वॉकर नावाच्या गुलामाची केस कोर्टात लढली गेली म्हणून.

आणि "जुन्या गोष्टी, आता काय त्याचं" म्हणणाऱ्यांसाठी, धाकट्या रॉयलने मृत्युपत्रात हार्वर्डला जमीन ठेवली होती, त्या पैशातून 1815 मध्ये तिथलं कायद्याचं पहिलं प्राध्यापकपद झालं, दोन वर्षांनी लॉ स्कूल. या लॉ स्कूलच्या शिल्डवर (बोधचिन्हावर) रॉयल घराण्याच्या गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या, विद्यार्थ्यांनी बोंब मारल्यावर 2016 मध्ये कुठे त्या निघाल्या.