समुपदेशक हवाच, पण आधी गॅलरीतल्या पालकांना आवरा

खेळाडू मुलांसाठी प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमावा, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं पटलं. पण आमच्या पुण्यात समुपदेशक आठवड्यातून एकदा येणार, तोही पीटीच्या तासाला. तेव्हा ही मुलं मैदानावर!

माझी मुलगी पोहते. बालेवाडीला स्पर्धा असली की गॅलरीत निम्मे पालक हातात स्टॉपवॉच घेऊन उभे. मुलगी पाण्यातून डोकं वर काढते ती थेट वडिलांच्या चेहऱ्याकडे बघते, बोर्डावरचा टाइम नंतर. घरी जाताना गाडीत जे काही ऐकावं लागतं, ते वेगळंच. तिथे कुठला समुपदेशक पोचणार?

दुखापत झाली की तर विचारूच नका. गुडघ्याला फिजिओ मिळतो, पण टीममधून, ग्रुपमधून, रोजच्या डब्याच्या कट्ट्यावरून बाजूला पडलेल्या पोराशी कोणी बोलत नाही. त्यात दहावी असेल तर क्रीडा सवलतीचे गुण हुकल्याचा घोर निराळा.

‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं’ म्हणणाऱ्यांसाठी: २०२४ मध्ये बुद्धिबळात जगज्जेता झालेल्या गुकेशसोबत पॅडी अप्टन हे मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते. अमेरिकेची जिमनॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकमध्ये मानसिक स्वास्थ्यासाठी मधूनच थांबली आणि पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकून गेली.

शाळांनी निदान पीटीच्या सरांना याचं थोडं प्रशिक्षण द्यावं. मूल गप्प झालंय हे सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं. आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत. शाळेच्या डायरीत छापायला काय हरकत आहे?