प्रतिक्रियेला उत्तर : आजीला ताटकळत ठेवायचं नव्हतं

आजी गेल्यावर कॅलिफोर्नियाहून सोलापूरला जाऊन आले, त्यावर लिहिलेल्या लेखाखाली 'अस्सल सोलापूरकर' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी मातीला पोचले नाही, सावडणं झाल्यावर पोचले, यावर त्यांचा आक्षेप आहे. दुखवट्याच्या घरातला हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो त्यांना खटकला. शेंगाच्या चटणीचं वर्णन खटकलं. घराच्या वाटणीबद्दलही त्यांनी एका वाक्यात काही सुचवलं आहे. लेख लांबला असंही ते म्हणतात, आणि ते मला मान्य आहे. प्रवासाचा भाग निम्मा केला असता तरी चाललं असतं.

पण मधे एक वाक्य आहे : "ताई, आता शवपेटी भाड्याने मिळते, दोन दिवस सहज ठेवता येतं, आजीचं तोंड बघायची खरी ओढ असती तर तुम्ही थांबवलं असतं."

'ताई' म्हणून हाक मारायची आणि त्याच वाक्यात सांगायचं की तुला आजीची ओढ नव्हती. ही कुठली रीत? सोलापूरचा माणूस फटकळ असतो, मनात काही ठेवत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, वाढले आहे. तिथल्या बायका तोंडावर काय वाटेल ते बोलतात, पण मयताच्या घरी जाऊन कुणाच्या रडण्याचं माप काढत नाहीत. आधी पिठलं-भाकरी घेऊन येतात, दारात चप्पल काढतात, गप्प बसतात. तुम्ही अस्सल सोलापूरकर असाल तर हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

आता 'थांबवलं असतं' या शब्दांवर येते. मी थांबवलं नाही, हे खरं आहे. उलट धाकट्या काकांचा फोन आला तेव्हा "थांबू नका" हे मीच आधी म्हटलं. सोलापुरात पहाट होती, आमच्याकडे आदल्या दिवसाची दुपार. काका रडत होते आणि विचारत होते, "तुझ्यासाठी ठेवू का गं?" तुम्हाला वाटतं तसं मला ते सोपं गेलं नाही. पण ते तसं का म्हटलं, याला आमच्या घरात एक कारण आहे.

माझे आजोबा वैशाखात गेले. मी तेव्हा कॉलेजात होते. हेच धाकटे काका त्या वेळी आखातात कामाला होते आणि त्यांचा पासपोर्ट मालकाकडे होता. मालक रजा देईना, मग दिली तर तिकीट मिळेना. सगळ्यांनी ठरवलं, पोरगा येईपर्यंत ठेवू. तेव्हा आमच्या वस्तीत गार ठेवणारी शवपेटी वगैरे काही नव्हतं. बर्फाच्या लाद्या आणल्या, खाली पोती टाकली. सोलापूरचा वैशाख तुम्हाला मी सांगायला नको. दर थोड्या वेळाने लाद्या बदलायच्या. वितळलेलं पाणी खोलीतून ओसरीत, ओसरीतून गटारात. आम्ही पोरी फडक्याने ते ओढत होतो. मयत घरात म्हणून चूल बंद. म्हातारी माणसं चहावर बसलेली. मोठी काकू चक्कर येऊन पडली. आणि आजी त्या ओल्या जमिनीवर, आजोबांच्या उशाशी बसून राहिली. पदर भिजलेला, पाय सुजलेले. कुणी उठवलं तर उठायची नाही.

काका तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी वडिलांचं तोंड पाहिलं, आणि त्या पाहण्याने त्यांचं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की नंतर कितीतरी वर्षं ते म्हणत, मला आठवायला गेलं की दादांचा हसरा चेहरा आठवतच नाही, तोच आठवतो. तोंड बघण्याची ओढ म्हणजे काय, हे आमच्या घराला कळतं.

त्यानंतर आजीने सगळ्यांना बसवून सांगून ठेवलं होतं, "माझ्या माघारी कुणाची वाट बघत बसू नका. लेकरं येतील तवा येतील की." मला तर ती वेगळं बजावायची, कारण सगळ्यांत लांब मीच. व्हिडिओ कॉलवरही बोलायची. तुम्ही म्हणता तशी आज यंत्राची पेटी मिळते, बर्फ बदलावा लागत नाही, मान्य. पण आजीचं म्हणणं लाद्यांबद्दल नव्हतं. घरातल्या बायकांना दोन-दोन दिवस उपाशी बसवण्याबद्दल होतं. आयुष्यभर विड्या वळलेली बाई होती ती. दिवसाला हजार विड्या झाल्या नाहीत तर मजुरी कापली जायची, म्हणून तापातही सूप मांडीवर घेऊन बसणारी. दुसऱ्याचा खोळंबा म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिचा शब्द मी मोडायला हवा होता, असं तुम्ही मला कशाच्या बळावर सांगता?

आणि "ओढ असती तर" हे म्हणताना ओढ असूनही काय काय आडवं येतं याचा विचार करायचा होता. कॅलिफोर्नियात २०२३ पासून आजी-आजोबा गेल्यावर पाच दिवसांची रजा कायद्याने मिळते, पण ती पगारी असेलच असं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तर अशी रजाच नाही. पाच दिवसांतले जाण्यायेण्यातच किती जातात ते नकाशा काढून बघा. मुंबईत उतरल्यावरही सोलापूर रेल्वेने साडेचारशे किलोमीटर उरतं. मी बिनपगारी रजा जोडून तेराव्यापर्यंत राहिले. हे सांगायची मला गरज नव्हती, तुम्ही सांगायला लावलंत.

फोटोबद्दल. आमचं घर गिरण्यांच्या जिवावर उभं राहिलेलं. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली आणि मोठे काका यंत्रमागावर भिवंडीला गेले, आत्याच्या घरचे हैदराबादला, एक चुलतभाऊ सुरतेला. कुणीच हौसेने गाव सोडलेलं नाही. परदेशी गेलेली तेवढी परकी आणि भिवंडीला गेलेले आपले, हा हिशोब मला पटत नाही. लग्नांनासुद्धा हे सगळे एकत्र जमले नव्हते, दहाव्याला जमले. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात पिंडदान झालं, संध्याकाळी परत आलो, रात्री गच्चीवर सतरंज्या टाकल्या. आजीची सामानाची पेटी उघडली तर तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र निघालं. त्यावरच्या फोटोत ती फोटोग्राफरवर डोळे वटारून बसलेली, आम्हा सगळ्यांवर वटारायची तशी. एकाने तिची नक्कल केली, आत्या हसता हसता रडायला लागली, मग सगळेच. तो फोटो त्या वेळचा आहे. नीट पाहिलात तर आत्याचे डोळे दिसतील. मी तो काढणार नाही.

चटणीवर काही बोलायचं नाही. ज्या बाईने सगळ्या सुनांना उखळात शेंगदाणे कुटायला शिकवलं, तिच्यावर लिहिताना चटणी येणारच.

शेवटी घराच्या वाटणीबद्दल जे सुचवलंत त्याविषयी. ते घर आजीच्या हयातीतच आत्याच्या नावावर झालं आहे आणि आम्हा सगळ्यांच्या संमतीने झालं आहे. तुम्हाला ते कळवायची काही गरज नव्हती. पण आत्या हा ब्लॉग वाचते. तिने तुमचं ते वाक्य वाचून मला फोन केला आणि "मी काही चुकीचं केलं का गं?" असं विचारलं. तुमची प्रतिक्रिया मी ठेवली आहे, त्यातलं हे एक वाक्य मात्र आज काढते आहे. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा. आत्याबद्दल पुन्हा लिहिलंत तर ते इथे दिसणार नाही.